शनिवार-रविवारचे कुस्को : माचू पिचू या खेपेला नको

पत्र : मी मूळची नाशिक जिल्ह्यातली असून कंपनीच्या कामासाठी वर्षभर पेरूची राजधानी लिमा येथे राहते आहे. मे महिन्याच्या मध्यावर माझी आई तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे येणार आहे. तिचे वय ५८ आहे, ती रक्तदाबाची एक गोळी रोज घेते, पूर्ण शाकाहारी आहे आणि जुनी देवळे, जुने वाडे पाहण्याची तिला मनापासून आवड आहे. मला रजा शिल्लक नाही. फार तर एका शुक्रवारी अर्धा दिवस मिळेल. घराचे कर्ज चालू असल्यामुळे दोघींचा मिळून खर्च पन्नास हजार रुपयांच्या आत बसायला हवा. एवढ्यात तिला कुस्को आणि माचू पिचू अशी दोन्ही ठिकाणे दाखवता येतील का? ती आत्तापासूनच म्हणते आहे की, ‘माझ्यासाठी एवढा खर्च करू नकोस.’

उत्तर : आधी स्पष्ट उत्तर देते आणि मग त्याची कारणे सांगते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी इथे राज्य करणाऱ्या इंकांची राजधानी असलेले कुस्को हे शहर तुम्ही ठरवलेल्या पैशांत आणि तुमच्या हाताशी असलेल्या अडीच दिवसांत निवांत पाहून होईल. त्याच अडीच दिवसांत माचू पिचू हे डोंगरावरचे जुने इंका नगरही बसवायचे ठरवलेत, तर खर्च दुपटीच्या आसपास जाईल, आईंचा एक अख्खा दिवस गाडीत जाईल, आणि ज्या शहराच्या भिंती पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात ते शहर तुम्ही केवळ मुक्कामाची जागा म्हणून वापराल. म्हणून या खेपेला माचू पिचू मनातून काढून टाका. हे मी तडजोड म्हणून सांगत नाही. जुन्या बांधकामाची आवड असलेल्या माणसाला कुस्को शहरच जास्त काही देऊन जाते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माचू पिचूचा हिशेब एकदा मांडून पाहा, म्हणजे मनात हुरहुर राहणार नाही. तिथे थेट मोटाररस्ता जात नाही. कुस्कोहून ओयान्ताइतांबोपर्यंत दीड-दोन तास मोटारीने, तिथून आगगाडीने आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावापर्यंत आणखी दीड-दोन तास, आणि शेवटी घाटरस्त्याने बसने अर्धा तास, असा तो प्रवास आहे. येताना हे सगळे पुन्हा उलट करावे लागते. आगगाडीचे सर्वांत स्वस्त जातायेताचे भाडेही परदेशी प्रवाशाला माणशी शंभर डॉलरच्या वर जाते, प्रवेशशुल्क साधारण १५० सोल (सोल हे पेरूचे चलन) पडते आणि बसचे पैसे वेगळे. शिवाय प्रवेशपत्रे दिवसाच्या ठरावीक संख्येनेच दिली जातात आणि मे महिन्यापासून कोरडा हंगाम सुरू होत असल्यामुळे ती बरीच आधी संपतात. एका सोलचे साधारण पंचवीस रुपये धरले, तर तुमचे पन्नास हजार म्हणजे सुमारे २,००० सोल होतात, आणि त्यांतले दीड हजारांहून अधिक या एकाच दिवसावर खर्च होतील.

आता पैशांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टीकडे वळते. लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. आपल्या नाशिक-नगरच्या सीमेवरचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमान तुम्हाला सव्वा तासात कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर नेऊन ठेवते. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश असतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, रात्री झोप मोडणे आणि चार पायऱ्यांत धाप लागणे या त्रासाला तिथले लोक ‘सोरोचे’ म्हणतात, आणि तो तरुण-म्हातारा, धडधाकट-आजारी असा भेद करत नाही. बहुतेक वेळा तो पोहोचल्यानंतर काही तासांनी किंवा पहिल्या रात्री जाणवतो. म्हणूनच विमानतळावर उतरताना बरे वाटले म्हणून लगेच हिंडायला निघणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. मी ती चूक केली होती. पहिल्याच दुपारी चढाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि दुसरा संपूर्ण दिवस डोके धरून अंथरुणात काढला. तुमच्याकडे असा वाया घालवण्यासारखा दिवस नाही.

त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आईंनी नाशिकला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे, आणि ‘पेरूला जाते आहे’ एवढेच न सांगता ‘समुद्रसपाटीवरून एकदम ३,४०० मीटरवर दोन रात्रींसाठी जाणार आहे’ असे नेमके सांगावे. रक्तदाब आटोक्यात असलेली पुष्कळ माणसे कुस्कोला जाऊन सुखरूप येतात, पण नव्या उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढू शकतो, आणि हृदयाची किंवा फुप्फुसांची काही जुनी तक्रार असेल तर निर्णय बदलू शकतो. अॅसेटाझोलामाइड नावाची गोळी उंचीचा त्रास टाळण्यासाठी आदल्या दिवसापासून देतात. ती घ्यायची की नाही, रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल की नाही आणि सल्फा औषधांचे वावडे असल्यास काय करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. लिमातल्या औषधाच्या दुकानातून स्वतःच्या अंदाजाने ती घेऊ नका. नेहमीची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचे, हे दोघींनीही आधीच पक्के ठरवून ठेवा.

डॉक्टरांनी नको म्हटले, तर वाद घालू नका. पेरूच्या दक्षिणेकडे आरेकिपा हे शहर सुमारे २,३०० मीटरवर आहे, पांढऱ्या ज्वालामुखीजन्य दगडात बांधलेले त्याचे जुने केंद्र २००० सालापासून जागतिक वारसा आहे, आणि १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ हा गल्ल्या, अंगणे आणि चुली असलेला एक छोटा गावच आहे. तोही शनिवार-रविवार सोन्यासारखा जाईल.

कोकाच्या पानांच्या चहाबद्दलही इथेच सांगते, कारण हॉटेलात पाय ठेवताच तो तुमच्या हातात दिला जाईल. पेरूत तो कायदेशीर आहे, शतकानुशतके प्यायला जातो आणि ऊबदार पेय म्हणून छान लागतो. पण तो घेतला म्हणजे उंचीवरचा उपाय झाला असे समजू नये. त्याने मूत्रतपासणीत कोकेनचा अंश दिसू शकतो, त्यामुळे तुमच्या कंपनीत अशी तपासणी होत असेल तर तुम्ही तो टाळा. आणि ही पाने किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून भारतात मात्र मुळीच नेऊ नका.

भारतातून निघण्यापूर्वीचे आणखी एक काम राहून जाते. पेरूहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. आईंच्या वयात ही लस द्यावी की नाही याचा विचार डॉक्टरांना करावा लागतो, म्हणून हा प्रश्न त्याच भेटीत काढा.

आता विमानाचे. लिमा ते कुस्को बसने वीस तासांहून अधिक लागतात, त्यामुळे अडीच दिवसांच्या सहलीत बसचा विचारही करू नका. स्वस्त विमानकंपन्या या मार्गावर दिवसभर उड्डाणे करतात आणि सहा-सात आठवडे आधी घेतल्यास जातायेताचे तिकीट माणशी ३०० ते ४०० सोलच्या आसपास मिळू शकते. मात्र त्या दरात बहुधा फक्त पाठीवरची लहान पिशवी येते, आणि मोठ्या बॅगेचे पैसे विमानतळावर भरायची वेळ आली तर सगळी बचत तिथेच संपते. दोघींनी एकेक लहान पिशवी घ्यावी, आणि जाड स्वेटर, शाल अंगावरच घालून विमानात बसावे. शुक्रवारी दुपारचे उड्डाण घ्या आणि लिमाचे नवे टर्मिनल जून २०२५ पासून सुरू झाले असल्यामुळे शुक्रवारच्या वाहतुकीत तिथे पोहोचायला भरपूर वेळ ठेवा. परतीचे उड्डाण रविवारी संध्याकाळचे शेवटचे न घेता दुपारचे घ्या, कारण कुस्कोत हवामानामुळे विमान रद्द झाले तर शेवटच्या उड्डाणामागे दुसरे काही उरत नाही आणि सोमवारी तुम्हाला कामावर हजर राहायचे आहे. निघण्याच्या दोन दिवस आधी बातम्याही पाहून ठेवा. तिकडे बंदला ‘पारो’ म्हणतात, आणि कुस्कोच्या भागात तो पुकारला की रस्ते खरोखरच अडवले जातात.

मुक्कामासाठी सान ब्लास या वस्तीची छायाचित्रे तुम्हाला मोहात पाडतील. वस्ती सुंदर आहे, पण तिथे जायला अरुंद, उभ्या चढाच्या गल्ल्या आहेत, आणि दिवसातून दोनदा तो चढ चढणे आईंना झेपणार नाही. त्याऐवजी प्लासा दे आर्मास हा मुख्य चौक, प्लासा सान फ्रान्सिस्को किंवा आवेनिदा एल सोल यांच्या जवळपास, शक्यतो तळमजल्यावर, एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या ‘ओस्पेदाहे’त, म्हणजे साध्या निवासगृहात, स्वतंत्र न्हाणीघराची खोली घ्या, दोघींसाठी रात्रीचे १०० ते १२० सोल ही मेमधली रास्त किंमत आहे. गरम पाणी दिवसभर असते का आणि जादा पांघरूण मिळेल का, हे दोन प्रश्न आरक्षणापूर्वी लिहून विचारा, कारण मे महिन्यात दिवसा कोवळ्या उन्हात पंधरा-वीस अंश असले तरी रात्री पारा दोन-चार अंशांवर येतो आणि स्वस्त खोल्यांत शेगडी किंवा हीटर नसतो.

शुक्रवारी पोहोचल्यावर काहीही पाहायचे नाही. विमानतळ शहरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवा, खोलीवर जा, भरपूर पाणी प्या, हलके सूप घ्या आणि लवकर झोपा. त्या संध्याकाळी फार तर चौकातल्या बाकावर शाल गुंडाळून अर्धा तास बसता येईल.

शनिवारची सकाळ सान पेद्रोच्या मंडईत घालवा. आईंना खरा आनंद तिथे होईल असे मला वाटते, आणि त्यासाठी एक पैसाही प्रवेशशुल्क लागत नाही. आपण उपवासाला जे खातो त्यातले कितीतरी याच खंडातून आपल्याकडे आलेले आहे. बटाटा तर याच अँडीज पर्वतरांगांतला. पेरूत त्याच्या हजारो जाती आहेत आणि जांभळे, काळे, पिवळे, बोटाएवढे लांबट असे बटाटे तुम्हाला ढिगांनी दिसतील. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आणि ‘किविचा’ नावाने जे बारीक दाणे पोत्यांत भरून ठेवलेले दिसतील ते हातात घेतल्यावर आई तुम्हाला सांगतील की हा तर आपला राजगिरा. तिकडेही त्याच्या लाह्या करून गोड वड्या थापतात. ‘चुन्यो’ नावाचे सुरकुतलेले, दगडासारखे दिसणारे बटाटे आवर्जून पाहा: रात्रीच्या कडाक्यात गोठवून, पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि दिवसाच्या उन्हात वाळवतात, आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घातलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. फळांच्या रसाच्या ओळीत एका गाळ्यावर बसा, बर्फ नको म्हणून सांगा, आणि पेला संपल्यावर ‘यापा’ मागा. आपल्याकडे भाजीवाली जशी वर मूठभर कोथिंबीर घालते, तसा रसवाली उरलेला रस पेल्यात पुन्हा ओतते. मंडईच्या एका भागात मांस उघड्यावर टांगलेले असते, तिकडची बाजू टाळून जा, आणि गर्दीत पैशांची पिशवी पुढे धरा.

शाकाहाराच्या बाबतीत भाषेची एक खोच आहे. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ असे सांगितल्यावर पेरूत कोंबडी घातलेला पदार्थ समोर येऊ शकतो, कारण अनेकांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे गोमांस. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे काहीच नको, असे तिन्ही म्हणा, आणि सूप मागवताना ते कोंबडीच्या पाण्यात केले आहे का हे वेगळे विचारा. किन्वा या तिथल्या धान्याचे सूपही पुष्कळदा तसेच असते. दुपारी ‘मेनू’ म्हणून जे ठरावीक जेवण दहा-पंधरा सोलना मिळते ते बहुधा आईंच्या उपयोगाचे नाही, पण चौकाच्या आसपास पूर्ण शाकाहारी खाणावळी बऱ्याच आहेत आणि त्यांचा मेनूही याच्या जवळपासच्या दरात मिळतो. एरवी उकडलेले टपोऱ्या दाण्यांचे कणीस आणि त्याबरोबर चीजचा तुकडा, म्हणजे ‘चोक्लो कोन केसो’, रस्त्यावर चार-पाच सोलना मिळते. कुस्कोच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथला चहा आईंना मिळमिळीत वाटेल आणि साध्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. खोलीत वरणभात करण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या. बरोबर थोडे थालीपीठ आणि दाण्याची चटणी न्या.

मंडईतून दुपारी कोरिकांचाकडे चला. रविवारी ते थोडाच वेळ उघडे असते, म्हणून हा क्रम बदलू नका. संपूर्ण सहलीत एकाच जागेवर पैसे खर्च करायचे म्हटले असते, तर मी हीच जागा सांगितली असती. इंकांचे हे मुख्य सूर्यमंदिर. त्याच्या भिंतींवर सोन्याचे पत्रे मढवलेले होते. १५३२ च्या नोव्हेंबरमध्ये स्पॅनिश सेनानी पिसारोने काहामार्का येथे इंका राजा आतावाल्पा याला पकडले, राजाने सुटकेसाठी खोलीभर सोने देण्याचे कबूल केले, आणि ते भरण्यासाठी पाठवलेल्या स्पॅनिश माणसांनी या देवळाचे पत्रे उचकटून नेले. सोने मिळाल्यावरही आतावाल्पाला १५३३ साली ठार मारण्यात आले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पिसारो कुस्कोत शिरला. पुढे डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाने याच देवळाच्या जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. मग २१ मे १९५० रोजी मोठा भूकंप झाला. मठाची पडझड झाली. आत दडलेल्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत, आणि दुरुस्तीच्या वेळी त्या पुन्हा उजेडात आणल्या गेल्या. आज तुम्ही मठाच्या कमानींच्या अंगणातून आत जाता आणि कमानींच्या मागे ती गुळगुळीत, राखाडी, किंचित आत कललेली दालने उभी असतात.

या भिंती आईंना जवळून बघू द्या. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत चुना न वापरता दगडाला दगड बसवलेला त्यांनी पाहिला असेल. तीच शिस्त इथे निराळ्या रीतीने दिसते. दोन दगडांच्या सांध्यात चुना नाही, माती नाही, आणि नखही शिरत नाही. भिंती वरच्या बाजूला आत झुकलेल्या आहेत, दारे आणि कोनाडे खाली रुंद, वर अरुंद आहेत. जमीन हलली की अशी भिंत थोडी सैल होते आणि पुन्हा आपल्या जागी बसते. पूर्वी, १६५० साली, याहूनही भीषण भूकंपात स्पॅनिश शहर कोसळले होते, तेव्हाही हेच घडले. आत माहिती सांगणारे वाटाडे मिळतात. दोघींमध्ये एकाला घेण्याऐवजी दाराशी आणखी दोन-तीन प्रवासी जमले की मिळून घ्या आणि पैसे वाटून घ्या. तिकिटाला साधारण २० सोल पडतात, आणि पुढे सांगितलेल्या पर्यटन तिकिटात ही जागा येत नाही.

उन्हे उतरताना आतुन रुमियोक गल्लीतून हळूहळू चाला. इंका रोका राजाच्या वाड्याची भिंत तिथे रस्त्याच्या कडेलाच उभी आहे, आता तिच्यावर आर्चबिशपचा वाडा आहे, आणि तिच्यात तो प्रसिद्ध बारा कोनांचा दगड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माणसाने त्यावर हातोडीसारख्या अवजाराने घाव घातले आणि त्याच्या कडेचे टवके उडाले. त्याला हात लावायची परवानगी नाही, लांबूनच पाहा. पारंपरिक वेशात अल्पाका या लोकरीच्या प्राण्याचे पिल्लू घेऊन उभ्या असलेल्या बायकांचे छायाचित्र काढायचे असेल, तर आधी विचारा आणि दोन-तीन सोल द्या, कारण ते त्यांचे दिवसाचे काम आहे.

रविवारी सकाळी लवकर उठून मुख्य चौकातल्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेच्या वेळी जा. पर्यटक म्हणून आत जायला साधारण ४० सोल पडतात. प्रार्थनेला बसणाऱ्याला ते द्यावे लागत नाहीत. मात्र मग प्रार्थना संपेपर्यंत शांत बसायचे, हिंडायचे नाही आणि छायाचित्रे काढायची नाहीत. आईंना अशा ठिकाणी कसे बसायचे हे शिकवायची गरज नाही. दिव्यांच्या धुराने काळवंडलेली क्रूसावरच्या येशूची मूर्ती तिथे आहे. तिला ‘भूकंपांचा स्वामी’ म्हणतात, कारण १६५० च्या भूकंपात ती बाहेर आणल्यावर धक्के थांबले अशी लोकांची श्रद्धा आहे. बाहेर आल्यावर चौकात रविवारचे ध्वजवंदन आणि संचलन चालू असेल. याच चौकात १८ मे १७८१ रोजी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेला तुपाक आमारू दुसरा याला त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिच्यासह देहान्त शासन देण्यात आले. तुम्ही जाल ते दिवस त्याच तारखेच्या आसपासचे असतील.

त्यानंतर टॅक्सीने साक्सायवामान या इंकांच्या दगडी गढीवर जा. ही जागा शहराच्या डोक्यावर सुमारे ३,७०० मीटरवर आहे, म्हणून ती शेवटच्या दिवशी ठेवली आहे, आणि पायी चढून जाण्याचा विचार करू नका. शहर आणि आसपासच्या सोळा ठिकाणांचे एकत्रित पर्यटन तिकीट १३० सोलना मिळते, पण तुम्हाला त्याची गरज नाही; साक्सायवामान, केंको, पुका पुकारा आणि तांबोमाचाय या चार जागांचे एका दिवसाचे अर्धे तिकीट ७० सोलना मिळते, तेच घ्या. तिकीटखिडकीवर रोख पैसे आणि पासपोर्ट तयार ठेवा. वेड्यावाकड्या, करवतीच्या दात्यांसारख्या तीन भिंती एकावर एक उभ्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दगडांचे वजन शंभर टनांहून अधिक मानले जाते. इंकांकडे चाक नव्हते, लोखंडी छिन्नी नव्हती. १५३६ साली इंका राजा मांको इंका याने स्पॅनिशांना कुस्कोत वेढले तेव्हा याच जागेसाठी घनघोर लढाई झाली, आणि नंतर उचलता येण्याजोगे दगड स्पॅनिशांनी खाली नेऊन कॅथेड्रल आणि वाडे बांधले. सकाळी ज्या कॅथेड्रलमध्ये तुम्ही बसला होतात त्याचे दगड कोठून आले, ते इथे उभे राहिल्यावर कळते.

आईंचा दम बरा असेल तर त्याच टॅक्सीला थांबायला सांगून तांबोमाचायला जाऊन या. दगडी कोनाड्यांतून अजूनही वाहणारे इंकांचे पाणी तिथे आहे. दम नसेल तर ते खुशाल सोडा. उतरताना सान क्रिस्तोबालच्या चर्चच्या अंगणात थांबा, तिथून लाल कौलांचे सगळे शहर आणि मधला चौक फुकट दिसतो, आणि तिथून जेवायला खाली या.

असे केल्यास विमानासाठी ६०० ते ८००, खोलीसाठी सुमारे २४०, तिकिटांसाठी १८०, खाण्यापिण्यासाठी २०० आणि टॅक्सीसाठी १५० सोल, मिळून दीड हजार सोलच्या जवळपास, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आत सगळे बसते. उरलेले पैसे स्वेटरवर खर्च करू नका. रस्त्यावर अल्पाकाची म्हणून विकली जाणारी स्वस्त शाल बहुधा कृत्रिम धाग्याची असते. ते पैसे विमान चुकले, डॉक्टर लागला किंवा एक रात्र अधिक काढावी लागली, तर त्यासाठी वेगळे ठेवा, आणि आईंच्या प्रवासविम्यात ही उंची धरलेली आहे का हे पाहून घ्या.

‘माझ्यासाठी खर्च करू नकोस’ या वाक्याबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण ते पत्रात लिहिले आहे, म्हणून बोलते. त्यांच्यापासून तिकिटाचे दर लपवू नका आणि खोटेही सांगू नका. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला आकडे लपवलेले लगेच कळतात, आणि हिशेबात बसलेला खर्च दिसला की त्यांच्या मनावरचे ओझे उतरते. कदाचित त्याच त्यात आणखी शंभर सोल वाचवून दाखवतील.

नाशिकच्या डॉक्टरांची भेट या आठवड्यात ठरवा. त्यांचे उत्तर हाती आल्यावर त्याच दिवशी विमानाचे आरक्षण करा, कारण मे महिन्याच्या शुक्रवार दुपारच्या स्वस्त जागा फार दिवस शिल्लक राहत नाहीत.